बेंजो असला की रॉक नाही? मग रॉक नेमकं कशाला म्हणायचं?

उलटा_ठेका

भाच्याचा चार जणांचा बँड आहे. एक गिटार, बास, ड्रम आणि दुसऱ्या गिटारच्या जागी बेंजो. गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो तोच बेंजो. गाणी स्वतःची, मराठीत. मुंबईतल्या एका कॉलेजच्या महोत्सवात ही पोरं रॉक बँडच्या स्पर्धेत उतरली होती. परीक्षकांनी मनापासून दाद दिली आणि वर सांगितलं, ‘हे रॉक नाही, फ्यूजन आहे. तुम्ही त्या गटात नाव द्यायला हवं होतं.’ पहिला आलेला बँड चांगलाच होता. पण त्यांच्या निम्म्या गाण्यांत ड्रम लॅपटॉपमधून येत होते आणि गिटार जेमतेम ऐकू येत होती. गाणी इंग्रजी होती. त्यांना मात्र ‘तुम्ही रॉक आहात का’ असं कुणी विचारलं नाही.

बक्षिसाचं पोरांना फारसं काही वाटलेलं नाही. मला तो ‘नाही’ डाचतोय. एखादी गोष्ट रॉक नाही असं म्हणायचं, तर रॉक काय आहे ते आधी सांगता आलं पाहिजे. म्हणून हा धागा. ‘ज्याला जे भावेल ते’ हे उत्तर कृपया नको.

नेहमी मिळणारी तीन उत्तरं मला पटत नाहीत.

पहिलं, वाद्यांवरून ठरवणं. जेथ्रो टल या रॉक बँडच्या पुढ्यात बासरी आहे. डीप पर्पल या दुसऱ्या रॉक बँडच्या आवाजाचा अर्धा भार हॅमंड ऑर्गन या विजेवरच्या ऑर्गनवर आहे. उलट इलेक्ट्रिक गिटार आपल्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांत साठच्या दशकापासून आहे आणि त्यातल्या बहुतेकांना कुणी रॉक म्हणत नाही.

दुसरं, बंडखोरी. बंडखोरीवर ठरवायचं तर १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं करणारे अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख सगळ्यात आधी रॉक ठरतील. ते शाहीर होते, आणि शाहीर असणं पुरेसं मोठं आहे. इकडे रॉकच्या आद्य गायक-गिटारवादकांतल्या चक बेरीचं १९५५ चं पहिलं गाजलेलं गाणं घ्या. त्यात गाडीतून केलेला एक पाठलाग आहे, क्रांती नाही.

तिसरं उत्तर तोंडाने कुणी देत नाही, पण निकाल त्यावरच लागतात : भाषा इंग्रजी हवी. कोलकात्याचा मोहीनेर घोडागुली १९७५ पासून बंगालीत गात होता, पाकिस्तानचा जुनून उर्दूत गाजला, केरळचा अवियल मल्याळममध्ये गातो, अर्जेंटिनात स्पॅनिश रॉकची स्वतंत्र परंपरा आहे. म्हणजे हेही बाद.

माझी कसोटी वजाबाकीची आहे. गाण्यातून बँडचा आवाज काढून घ्या. ड्रमचा ठोका, बास, अ‍ॅम्पमधून येणारा गिटारचा तो विशिष्ट पोत, सगळं. मग उरलेली चाल आणि शब्द पेटीवर म्हणून पाहा. गाणं शाबूत राहिलं तर ते रॉकचे कपडे घातलेलं दुसरं काही आहे. गाणं कोसळलं, हातात काहीच उरलं नाही, तर ते रॉक. कारण मग तो आवाज म्हणजेच गाणं होतं. भाच्याच्या बँडची गाणी पेटीवर उभीच राहत नाहीत. बेंजोचा तुकडा काढला की गाणं संपतं.

मतं सांगा. विरोधी असली तर कारणांसह सांगा.

चर्चगेट_स्लो

कसोटी आवडली. पण बीटल्सचं १९६६ चं ते गाणं, ज्यात बँडमधल्या एकानेही वाद्य वाजवलेलं नाही, फक्त आठ व्हायोलिन-व्हायोला-चेलोवाले आहेत? तुमच्या हिशेबाने ते रॉक नाही?

उलटा_ठेका

नाही. बीटल्स हा रॉक बँड आहे आणि ते गाणं रॉक नाही, या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी मान्य आहेत. लेबल वाजणाऱ्या आवाजाला लावायचं, वाजवणाऱ्याच्या नावाला नाही. तसं केलं की निम्मे वाद तिथेच मिटतात.

सरळसोट

कसोटी आकर्षक आहे, पण फार सैल आहे. तिच्यात अर्धं इलेक्ट्रॉनिक संगीत आत येईल. टेक्नो म्हणजे यंत्रांवर बनवलेलं नाचाचं संगीत, त्यातून आवाज काढला तर पेटीवर काय उरतं? काहीच नाही. मग ते रॉक का?

माझी व्याख्या जुनी आहे आणि मला ती पुरते. चार ठोक्यांचं आवर्तन, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर स्नेअर ड्रमचा फटका, आणि ब्लूजमधून, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या जुन्या गाण्यांतून, आलेली स्वरांची ठेवण. हा दोन-चारचा फटका म्हणजे कणा. आपल्याकडे आरतीत टाळी पडते ती समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर. रॉकचा श्रोता एक आणि तीन सोडून देतो आणि दोन-चारवर टाळी देतो. त्यामुळे संगीत सतत पुढे ओढल्यासारखं वाटतं. पन्नासच्या दशकातला लिटल रिचर्ड ऐका, ऐंशीच्या सुमाराचा एसी/डीसी बँड ऐका, मधली पंचवीस वर्षं गळून पडतात, हा फटका तिथेच असतो.

भाच्याचा बँड मी ऐकलेला नाही, म्हणून त्यांच्याबद्दल बोलत नाही. पण बेंजो वाजतो तो सहसा केरव्यावर किंवा कोळीगीताच्या ठेक्यावर. त्या ठेक्याचं वजन समेवर आहे. परीक्षकांना तेच खटकलं असेल, तर त्यांची शंका भाषेबद्दल होती असं गृहीत धरू नका.

षड्जपंचम

सरळसोट, ठेक्याचं पुढे बोलू. आधी त्या ‘विशिष्ट पोता’बद्दल लिहितो, कारण धाग्यात तो शब्द आला आणि तसाच राहून गेला. मी ध्वनिमुद्रणाचं काम करतो, शास्त्रीय गाणंही शिकलोय, म्हणून दोन्हीकडून सांगतो.

अ‍ॅम्पला झेपेल त्यापेक्षा जास्त आवाज आत सोडला की लहरींचे शेंडे कापले जातात. त्यामुळे मूळ स्वरात नसलेले वरचे स्वर तयार होतात आणि आवाज जाड, खरबरीत होतो. हा आधी दोष मानला जायचा. १९५१ मध्ये मेम्फिसला आयक टर्नरच्या बँडचं मुद्रण झालं, तेव्हा वाटेत अ‍ॅम्पला इजा झाली होती आणि आत कागद कोंबून तो वापरला असं सांगतात. ते मुद्रण पुष्कळ जण पहिलं रॉक अँड रोल मानतात. १९५८ मध्ये लिंक रे याने स्पीकरच्या कागदी शंकूला मुद्दाम भोकं पाडली. त्याच्या त्या गाण्यात एकही शब्द नाही, तरी अमेरिकेतल्या काही रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला. १९६४ मध्ये किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसने ब्लेडने शंकू फाडला. पुढच्या वर्षी रोलिंग स्टोन्सच्या गाण्यात तोच परिणाम देणारं पायाने दाबायचं पेडल आलं. चौदा वर्षांच्या आत मोडलेल्या यंत्राचा आवाज दुकानात विकत मिळू लागला.

आता यातला संगीताचा भाग. फाटलेल्या आवाजात दोन स्वर एकत्र वाजवले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर तयार होतात. सा २०० कंपनांचा धरा, वरचा प ३००. वजाबाकी १००, म्हणजे खर्जातला सा. तो कुणी वाजवलेला नसतो, तरी ऐकू येतो. बेरीज ५००, म्हणजे वरच्या सप्तकातला गंधार. सगळं सुरात बसतं, म्हणून सा-प अशा आवाजात एखाद्या भिंतीसारखे उभे राहतात. सा-ग घ्या. गिटारच्या पडद्यांवरचा ग शुद्ध गंधारापेक्षा जरा चढा असतो. मग बेरजा-वजाबाक्या बेसूर पडतात, आवाज गढूळ होतो. म्हणून रॉकचे गिटारवादक ग गाळून नुसते सा-प धरतात, ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. आणि ग गाळला की ती सुरावट कोमल गंधाराची की शुद्ध गंधाराची, हे उघडं राहतं. गाणाऱ्याला दोन्हींच्या मधला, ब्लूजमधला तो अर्धवट गंधार लावायची मोकळीक मिळते.

म्हणजे बघा, यंत्राच्या आवाजाने कुठले स्वर वापरायचे ते ठरवलं, आणि त्या स्वरांनी चाली ठरवल्या. उलटा_ठेका म्हणतात तसा आवाज हेच गाणं आहे, पण त्याचं कारण असं आहे. टेक्नोच्या मुद्द्याला उत्तरही यातच आहे : रॉकमधला आवाज हाताच्या झटापटीतून येतो. तार किती जोरात छेडली, कितपत दाबून धरली, किती ताणली, यावर अ‍ॅम्प वेगवेगळा फाटतो. जवारी, म्हणजे तारेची ती घुमती झणझण, नीट लागलेला तानपुरा छेडणाऱ्याला हे लगेच कळेल.

चर्चगेट_स्लो

हा प्रतिसाद जपून ठेवतोय. ब्लॅक सबाथ बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याचं उदाहरण इथे जोडावंसं वाटतं. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या दोन बोटांची टोकं गेली, त्याने घरी टोपणं बनवून बोटांना लावली, तारा पातळ लावल्या, नंतर सूर खाली उतरवला. ब्लॅक सबाथचा तो जड आवाज या सगळ्यातून आला. हात आणि यंत्र, दोन्हींची झटापट.

मोगरा

तुमच्या सगळ्यांच्या व्याख्या कानाच्या आहेत. मला ते आवडतंय. पण इतिहासात ‘हे रॉक, ते नाही’ हा निवाडा कानाने फार कमी वेळा झालाय. तो बहुधा डोळ्यांनी झालाय. उलटा_ठेकांच्या भाच्याला जे आलं ते नवं नाही.

सिस्टर रोझेटा थार्प ही कृष्णवर्णीय बाई चर्चची भजनं इलेक्ट्रिक गिटारवर गायची, तीही १९४० च्या दशकात. तिचं वादन आज ऐकलं तर चक बेरी कुठून आला हे सांगावं लागत नाही. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या संगीतकारांचा सन्मान करणाऱ्या अमेरिकी संस्थेने तिला आत घेतलं २०१८ मध्ये. बिग मामा थॉर्नटनने १९५३ मध्ये गाजवलेलं गाणं बहुतेक लोक आज एल्व्हिसचं म्हणून ओळखतात, त्याने ते १९५६ मध्ये म्हटलं. साठच्या दशकात ‘रॉक’ हा प्रकार गंभीर, कलात्मक म्हणून मान्यता पावला, तोवर त्याचा चेहरा गोऱ्या पोरांचा झाला होता. ज्यांच्यापासून ते सुरू झालं त्यांच्या संगीताला सोल, आर अँड बी, फंक अशी दुसरी नावं मिळाली. १९८५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ब्लॅक रॉक कोअ‍ॅलिशन नावाची संस्था काढावी लागली, कारण कृष्णवर्णीय बँडने जड गिटार वाजवली तर कंपन्यांना ती कुठल्या खणात ठेवायची हे समजत नव्हतं.

१२ जुलै १९७९ ला शिकागोच्या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवला, लोक मैदानात घुसले, त्या दिवसाचा दुसरा सामना रद्द झाला. करणारे रॉकचे चाहते होते. डिस्को कुणाचं संगीत होतं? मोठ्या प्रमाणात कृष्णवर्णीयांचं, लॅटिनोंचं, समलिंगी लोकांचं. ‘हे रॉक नाही’ या वाक्यात नुसतं वर्गीकरण नसतं, हे यातून दिसतं.

म्हणून मला व्याख्या वंशावळीची हवी. कोण कुणाकडून शिकलं, कुणाचं ऐकून वाजवायला लागलं. आपल्याकडे घराणं ठरतं तसं. घराण्यातला प्रत्येक जण सारखं गात नाही, पण तालीम कुठून आली ते दाखवता येतं. रोझेटा थार्पपासून सुरू होणारी ही साखळी ज्यांच्यापर्यंत पोचते ते रॉक.

सरळसोट

मोगरा, इतिहास शंभर टक्के मान्य. तरी वंशावळ ही व्याख्या होऊ शकत नाही. त्याच साखळीतून डिस्कोही आलं, हिप हॉपही आलं. हॉल ऑफ फेमने नेमकं हेच केलं, रॅप आणि पॉपवालेही आत घेतले : २००७ मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश, २००८ मध्ये मॅडोना, २०१० मध्ये आबा, २०२१ मध्ये जे-झी. २०२२ मध्ये कंट्री गायिका डॉली पार्टन म्हणाल्या की मी रॉक नाही, माझं नाव मागे घ्या. तरी त्यांना घेतलंच, आणि मग त्यांनी २०२३ मध्ये खरोखरच रॉकचा अल्बम काढला. त्या बाईंच्या मनात रॉक म्हणजे काहीतरी ठराविक होतं आणि ते आपण अजून केलेलं नाही, ही जाणीव होती. मला त्या संस्थेपेक्षा त्यांचं पटतं.

मोगरा

डॉली पार्टन स्वतः बाहेर राहत होत्या. दुसऱ्याने ढकलणं वेगळं. तुमच्या दोन-चारच्या व्याख्येत डिस्को नीट बसत नाही हे मला मान्य, तिथे दोन-चारवर फटका असला तरी पायाचा ड्रम चारही ठोक्यांवर असतो. पण १९८९ मध्ये ग्रॅमीने हार्ड रॉक आणि मेटलचं पहिलं पारितोषिक मेटालिका हा मेटल बँड समोर असताना जेथ्रो टलला दिलं, तेव्हा दोन्ही बँड तुमच्या व्याख्येत बसत होते ना? तरी सगळ्यांना कळलं की काहीतरी चुकलंय. म्हणजे लोकांच्या कानात तुमच्या तीन अटींपेक्षा जास्त काहीतरी आहे.

रंगभवन_८६

जरा मुंबईकडे या, मंडळी.

मी अकरावीत होतो तेव्हा, १९८६ मध्ये, धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला. झेवियर्सच्या शेजारचं उघडं नाट्यगृह, ऑगस्टचे दिवस, वरून पाऊस. त्याच रंगभवनात १९७८ पासून जॅझ यात्रा हा महोत्सव व्हायचा. १९८० मध्ये द पोलीस हा ब्रिटिश बँड मुंबईत वाजवून गेला होता. आम्ही डोंबिवली, मुलुंड, वसईहून लोकलने यायचो. काळा टीशर्ट घातलेला पोरगा सीएसएमटीवर, म्हणजे तेव्हाच्या व्हीटीवर दिसला की कुठे चाललाय हे विचारायची गरज नसे.

तिथे रॉक काय हे कुणी पुस्तकातून ठरवत नव्हतं. गर्दी ठरवायची. आणि ती गर्दी फार कठोर होती. परदेशी बँडची गाणी हुबेहूब वाजवली तर डोक्यावर घ्यायची, स्वतःचं गाणं सुरू केलं की ओरडा व्हायचा. त्याआधीच्या पिढीलाही हेच भोगावं लागलं होतं. सत्तरच्या दशकात मुंबईत अ‍ॅटॉमिक फॉरेस्टसारखा बँड होता, पण त्यांचा एकच अल्बम निघाला. रॉक मशीन या मुंबईच्या बँडने हट्टाने स्वतःची गाणी लावून धरली, १९८८ मध्ये त्यांचा अल्बम आला. त्यांच्या महेश तिनईकरची गिटार ऐकून मला पहिल्यांदा वाटलं की हे आपल्यातला माणूस करू शकतो. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं.

हे सांगायचं कारण असं की तुमच्या वजाबाकीत एक गोष्ट राहिली. आवाजाची पातळी. षड्जपंचमांनी सांगितलेला तो फाटका आवाज जुन्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमधून हवा असेल तर अ‍ॅम्प मोठ्यानेच वाजवावा लागतो. हळू वाजवला की तो येतच नाही. बास पोटात जाणवतो तो स्पीकरने हवा ढकलल्यामुळे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, न्यायालयं यांच्याभोवती किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. रंगभवनाच्या शेजारी कॉलेज आहे, जवळपास रुग्णालयंही आहेत. नियम योग्यच आहे, रुग्णाला झोप हवी. पण शहराने आवाजाची ती जागा गमावली आणि दुसरी तशी उभारली नाही. आज रॉक ऐकायचं म्हणजे महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर किंवा नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला जायचं, आणि तिकिटाचे भाव बघून अकरावीतला पोरगा घरीच थांबतो. कॉलेजची स्पर्धा हाच त्याचा मंच उरलाय. म्हणून तिथला ‘नाही’ जास्त लागतो.

आणखी एक. उलटा_ठेकांच्या कसोटीसाठी याहून अवघड उदाहरण मुंबईतलंच देतो. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन इथे आला होता. फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने सरोद, बासरी, पखवाज, हार्मोनियम अशी वाद्यं घेऊन एका गाण्याचं संगीत ध्वनिमुद्रित केलं. आवाज नंतर लंडनला चढवला. बीटल्सच्या मार्च १९६८ च्या तबकडीची दुसरी बाजू ती. गिटार नाही, ड्रम नाही, बास नाही. सांगा.

उलटा_ठेका

काका, माझं उत्तर तेच. सुंदर गाणं आहे, आणि रॉक नाही. ते फोर्टात झालं याचा मला अभिमान आहे आणि त्यासाठी त्याला रॉक म्हणायची गरज मला वाटत नाही. पण बघा, जगभरच्या याद्यांत ते बीटल्सच्या गाण्यांबरोबर रॉकमध्येच टाकलेलं असतं. एकही रॉकचं वाद्य नसताना! आणि आमच्या पोरांच्या तीन वाद्यांशेजारी एक बेंजो आला की फ्यूजन. तिकडून सरोद घेतला तर रॉक विस्तारतं, इकडून बेंजो आला की रॉक संपतं. मोगरांचं ‘डोळ्यांनी निवाडा’ हे इथे तंतोतंत लागू आहे.

आवाजाच्या पातळीचं मान्य. ते माझ्या ‘बँडचा आवाज’ यातच येतं.

गिरणगाव

बेंजोबद्दल एवढं बोलणं चाललंय, तर बेंजोवाल्याने बोलायला पाहिजे. आमच्या घरात दोन पिढ्या बेंजो पार्टी आहे, लालबागच्या बाजूला.

आधी वाद्याबद्दल. आमचा बेंजो अमेरिकन बँजो नव्हे. हा बुलबुलतरंग. जपानमध्ये १९१२ च्या सुमारास ताइशोगोतो नावाचं बटणांचं तंतुवाद्य निघालं, तेच फिरत फिरत इकडे आलं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. मिरवणुकीत पोचायचं म्हणून आपल्या लोकांनी त्याला पिकअप बसवला, म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणारा तुकडा, गिटारला असतो तसाच. गाडीवर जनरेटर, वर भोंगे. भोंगा आवाज साफ सोडत नाही, खरवडून सोडतो. मागे ढोल, ताशा, हलगी, आता ऑक्टोपॅड. षड्जपंचमांनी फाटलेल्या आवाजाचं जे लिहिलंय ते वाचताना मी आमच्या भोंग्याचाच विचार करत होतो. आम्ही तो आवाज मुद्दाम ठेवतो. साफ स्पीकरवर बेंजो वाजवला तर लोक नाचत नाहीत.

आता प्रश्न. उलटा_ठेका, तुमच्या वजाबाकीने आमची बेंजो पार्टी रॉक ठरते का? आमचा आवाज काढून घेतला तर मिरवणूक जागच्या जागी थांबेल.

उलटा_ठेका

दादा, प्रश्न अवघड आहे, म्हणून सरळ उत्तर देतो. मला वाटतं नाही. तुम्ही वाजवता त्या चाली बऱ्याचदा सिनेमाच्या किंवा कोळीगीतांच्या असतात. त्या पेटीवर वाजवल्या तरी ओळखू येतात, उभ्या राहतात. मिरवणूक थांबेल, गाणं थांबणार नाही.

गिरणगाव

मग एल्व्हिसचं ते १९५६ चं गाणंही दुसऱ्याचंच होतं, मोगराताईंनी वर सांगितलंय. चाल कुणाची हा मुद्दा कसा होतो? चाल ओळखू येते खरी, पण लोक चालीसाठी नाचत नाहीत. मधल्या तुकड्यात, जिथे चाल सोडून आम्ही नुसता ठेका आणि एकच सूर घोळवतो, तिथे सगळ्यात जास्त अंगात येतं. तो तुकडा पेटीवर वाजवून दाखवा.

रॉक म्हणा असा माझा आग्रह नाही. आमचं नाव आम्हाला पुरतं, बेंजो पार्टी. पण तुमची कसोटी आम्हाला बाहेर ठेवते ती चालीच्या मालकीवरून, आणि ते कारण लंगडं आहे.

मोगरा

गिरणगावदादांशी सहमत. स्वतःची गाणी स्वतः वाजवणारा बँड हा आदर्श रॉकमध्ये नंतर आला, आणि तोही अर्धाच खरा आहे. बर्ड्स या अमेरिकी रॉक बँडचं १९६५ चं पहिलं गाजलेलं गाणं बॉब डिलनचं होतं, आणि बँडपैकी एकट्या रॉजर मॅग्विनने त्यात वाजवलं, बाकी सगळे स्टुडिओचे वादक. त्याला रॉकमधून कुणी काढलेलं नाही.

उलटा_ठेका

मालकीचा मुद्दा सोडून देतो, तो कसोटीला लागत नाही. मग कसोटी अशी राहते : गाण्याचा जो भाग लोकांना धरून ठेवतो, तो बँडच्या आवाजाशिवाय अस्तित्वात आहे का? दादांच्या त्या मधल्या तुकड्याला हे पूर्ण लागू होतं. बेंजो पार्टीचा तो तुकडा रॉकच्या अगदी शेजारी आहे. मोगरांची वंशावळ तिथे कामाला येते : त्यांची तालीम वेगळी, म्हणून नाव वेगळं. भाच्याचा बेंजोवाला मात्र ब्लॅक सबाथ ऐकून बेंजोवर सा-प धरायला शिकला. आवाज आणि तालीम, दोन्ही त्याच्या बाजूने आहेत.

सरळसोट

आणि ठेका? त्याबद्दल अजून कुणी बोललेलं नाही.

षड्जपंचम

मी बोलणार होतोच. भाच्याच्या बँडचं मुद्रण उलटा_ठेकांनी मला पाठवलं होतं, काल रात्री ऐकलं.

केरवा मांडून बघा : धा गे ना ती, न क धि न. आठ मात्रा. पाश्चात्त्य मोजणीत चार ठोके धरले तर दुसरा ठोका तिसऱ्या मात्रेवर येतो आणि चौथा सातव्या मात्रेवर. तिसऱ्या मात्रेवर काय आहे? चाटेवरचा, म्हणजे तबल्याच्या कडेवरचा, ना. सातव्यावर? धि, खालीनंतर परत उघडणारा डग्गा. म्हणजे केरव्यात या दोन्ही जागा रिकाम्या नाहीत, तिथे ठळक बोल आहेत. वजन समेवर असतं हे सरळसोटांचं बरोबर आहे, पण ते वजन सरकवता येतं, जागा आधीच तयार आहेत.

त्या पोरांच्या ड्रमरने नेमकं हेच केलंय. समेवरचा पायाचा ड्रम हलका ठेवलाय आणि तिसऱ्या-सातव्या मात्रेवर स्नेअर पूर्ण ताकदीने. बेंजो वर केरव्याच्या अंगानेच चालतो, त्यामुळे दोन वजनं एकमेकांना ओढतात. दुसऱ्या गाण्यात मात्र हे जमलेलं नाही, तिथे ड्रमर मध्येच बेंजोच्या मागे जातो आणि फटका सैल पडतो. ते गाणं फ्यूजन म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

सरळसोट

मलाही पाठवा. तिसऱ्या-सातव्यावर स्नेअर ठाम असेल आणि बेंजोवाला गंधार गाळत असेल, तर माझ्या तिन्ही अटी पूर्ण होतात, आणि मी त्याला रॉक म्हणेन. पण दोन्ही गाणी ऐकून, आणि दुसऱ्याबद्दलही तितकंच स्पष्ट सांगेन.

उलटा_ठेका

पाठवली. दुसऱ्या गाण्याचं पोरांना कळवलंय, ड्रमर आज रात्रीच त्यावर बसतोय. अंधेरीतली तालमीची खोली तासावर भाड्याने मिळते, शनिवारी परत मुद्रण करणार आहेत.

दादा, एक अडचण आहे. बेंजो गिटारच्या अ‍ॅम्पला लावला की गुणगुण येते आणि आवाज वाढवला की शिटी मारतो.

गिरणगाव

गुणगुण अर्थिंगची. जनरेटरवर आम्हालाही येते. तारांच्या खालची पट्टी आणि पिकअपची बाहेरची वायर एका ठिकाणी जोडून घ्या. शिटी येते ती बेंजोची लाकडी पेटी पोकळ असते म्हणून. आतून फोम भरा, पण बटणांच्या खाली जाऊ देऊ नका, दाबताना अडकतं. आणि तो अ‍ॅम्पच्या समोर तोंड करून उभा राहत असेल तर त्याला बाजूला सरकवा. सा-प धरायचे तर खर्जाची तार जाड लावून बघू दे, आमच्याकडे लावतात ती पातळ पडेल. शनिवारी मला वेळ आहे. खोलीचा पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा, वाद्य बघूनच सांगतो.